फेसवॉशच्या नळीची मागची बाजू

डिसेंबरातल्या एका रविवारी मी आमच्या न्हाणीघरातल्या फळीवरच्या, चेहरा धुण्याच्या सगळ्या वस्तू स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून मांडल्या. आंघोळीचा साबण, मुलाची ‘तेलकट त्वचेसाठी’ असे लिहिलेली नळी, माझी जेलची बाटली आणि सासूबाईंचा बेसनाचा डबा अशा त्या चार वस्तू होत्या. प्रत्येकीतले हरभऱ्याएवढे द्रव्य वेगवेगळ्या वाटीत घेतले, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेले ऊर्ध्वपातित पाणी दोन-दोन चमचे घातले आणि सामू मोजण्याची कागदी पट्टी एकेका वाटीत बुडवली. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सामू, म्हणजे जाहिरातीत ज्याला पीएच म्हणतात तो, हा भाग दरवर्षी फळ्यावर समजावून सांगते: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. तरीही रोज चेहऱ्याला लावण्याच्या वस्तूचा सामू मोजून पाहण्याची वेळ त्या दिवसापर्यंत माझ्यावर आली नव्हती.

ती आली सासूबाईंमुळे. त्यांचे वय चौऱ्याहत्तर. थंडी सुरू झाल्यापासून त्यांच्या दोन्ही गालांवर पांढुरकी सालपटे दिसू लागली होती, नाकपुड्यांच्या कडा लाल झाल्या होत्या, आणि तोंड धुतले की पाच मिनिटांत त्या खोबरेल तेलाची बाटली शोधू लागत. “तोंड नुसतं ओढायलंय गं, हसायलाबी येईना,” असे त्या आठवडाभर सांगत होत्या आणि मी थंडीला दोष देत होते. मग एके दिवशी बोलता बोलता कळले की दिवाळीपासून त्या नातवाची नळी वापरत आहेत. त्या नळीतले द्रव्य घट्ट, पांढरेशुभ्र, सायीसारखे दिसते. साय त्यांनी आयुष्यभर चेहऱ्याला लावलेली आहे, तेव्हा हेही तसेच मऊ असणार, असा त्यांचा समज झाला. तो समज चुकीचा का होता, हे मला त्या पट्ट्यांनी दाखवले.

आंघोळीच्या साबणाच्या वाटीतली पट्टी गडद निळी झाली, म्हणजे सामू ९ ते १० च्या दरम्यान. हे अपेक्षितच होते. माझ्या जेलची पट्टी पिवळसर नारिंगी राहिली, साधारण ५ ते ६. बेसनाच्या पाण्याची पट्टी पिवळट हिरवी झाली. मुलाच्या सायीसारख्या नळीची पट्टी मात्र साबणाच्या पट्टीशेजारी ठेवली तर ओळखू येऊ नये इतकी निळी झाली होती. सासूबाई चष्मा लावून शेजारी उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, “म्हंजे हा साबणच की गं.” रसायनशास्त्राचे एक पानही न वाचता त्यांनी काढलेला तो निष्कर्ष शंभर टक्के बरोबर होता.

नळी उलटी करून बारीक अक्षरातली घटकांची यादी वाचली. पाण्यानंतर लगेच स्टिअरिक अ‍ॅसिड, मिरिस्टिक अ‍ॅसिड, लॉरिक अ‍ॅसिड आणि त्यांच्या पाठोपाठ पोटॅशियम हायड्रॉक्साइड अशी नावे होती. पहिली तीन मेदाम्ले आहेत आणि चौथा तीव्र अल्कली आहे. मेदाम्ल आणि अल्कली एकत्र आले की तयार होतो तो साबण, हे दहावीचा विद्यार्थीही सांगेल. फरक इतकाच की वडीमध्ये ‘सोडियम पामेट’ किंवा ‘सोडियम पाम कर्नेलेट’ अशी तयार साबणाची नावे छापलेली असतात, आणि नळीतला साबण फेसवॉशचे मिश्रण करतानाच घडवला जात असल्यामुळे कच्चा माल यादीत दिसतो, ‘साबण’ हा शब्द कुठेच दिसत नाही. दाट, मोत्यासारखी चमक असलेले आणि भरपूर फेसाळणारे जे फेसवॉश मिळतात, त्यांतले बरेचसे या जातीचे असतात. ही चार नावे एकत्र दिसली की मी ती नळी कोरड्या चेहऱ्याच्या माणसाला देत नाही.

सामूवर एवढा भर का, हे सांगायला हवे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साधारण ४.७ ते ५.५ इतका. १९२८ मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या दोन जर्मन संशोधकांनी त्याला ‘आम्ल आवरण’ असे नाव दिले. सामूची मोजपट्टी दहापटींची असते, म्हणून ५.५ आणि ९.५ यांतला फरक चाराचा दिसला तरी प्रत्यक्षात तो दहा हजार पटींचा असतो. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा गिलावा असतो. हा गिलावा तयार करणारी विकरे (एन्झाइम) आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतात. अल्कधर्मी साबणाने विटा फुगतात, गिलाव्यातला काही मेद मळाबरोबर वाहून जातो आणि नवा गिलावा बनण्याचे कामही मंदावते. तरुण, तेलकट त्वचा काही तासांत पूर्वपदावर येते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्वचेत तेल आधीच कमी झालेले असते आणि दुरुस्तीचा वेगही कमी असतो, त्यामुळे ती सावरेपर्यंत पुढच्या वेळी तोंड धुण्याची वेळ झालेली असते.

आमच्याकडे यात पाण्याचीही भर पडते. लातूरकरांना पाण्याविषयी सांगावे लागत नाही; २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी आम्ही प्यायलो आहोत. नळाला पाणी नसते त्या दिवसांत बोअर किंवा टँकर हाच आधार असतो, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाठ्यपुस्तकातला त्यासाठीचा शब्द मला फार आवडतो: दुष्फेन, म्हणजे ज्यात फेस धड होत नाही असे पाणी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. अशा पाण्यात साबणाचे रेणू कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा करडा साका तयार करतात. बादलीच्या आतल्या कडेला जी खरखरीत रेघ दिसते ती हीच. तोच साका चेहऱ्यावरही बसतो आणि एका तांब्यात निघत नाही. साबण नसलेल्या, कृत्रिम निर्मलकांवर (म्हणजे डिटर्जंटवर) आधारलेल्या फेसवॉशमध्ये असा साका होत नाही, हा त्यांचा मोठा फायदा आहे. मात्र तेही पूर्ण सुटत नाहीत, कारण इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले आहे की दुष्फेन पाण्यात धुतल्यावर सोडियम लॉरिल सल्फेट हे निर्मलक त्वचेवर अधिक प्रमाणात उरते आणि त्यामुळे त्वचेचा दाह वाढतो. म्हणून बोअरच्या पाण्याच्या गावात मी दोन गोष्टी सांगते: द्रव्य थोडे घ्यावे आणि चेहऱ्यावरचा शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा असावा.

साबणाच्या वेष्टनावर टीएफएम म्हणून एक आकडा असतो, त्याविषयी इथेच सांगते, कारण स्टाफरूममध्ये तो प्रश्न नेहमी येतो. तो एकूण मेदद्रव्याचा आकडा आहे. आपल्याकडच्या मानकात टॉयलेट सोपच्या पहिल्या श्रेणीसाठी तो किमान ७६ टक्के असावा लागतो. त्यावरून साबणात भेसळ किंवा भरताड किती कमी आहे हे कळते. चेहऱ्याला तो किती सौम्य आहे हे कळत नाही. ७६ टक्क्यांचा शुद्ध साबणही निळीच पट्टी दाखवतो. पारदर्शक ग्लिसरीनचा साबण त्यातल्या त्यात कमी कोरडा करतो, पण तोही साबणच.

साबणाला पर्याय म्हणून आलेल्या वड्यांना सिंडेट म्हणतात. १९५७ मध्ये अमेरिकेत आलेली डव्हची वडी ही त्यातली सर्वांत परिचित. तिच्या मूळ सूत्रातले मुख्य निर्मलक सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हे होते. ते खोबरेलातल्या मेदाम्लांपासून बनते, पण साबणाच्या पद्धतीने नाही, त्यामुळे त्याला अल्कधर्मी राहण्याची सक्ती नसते. त्या घटकाचे नाव यादीत पहिल्या दोन-तीन जागांवर असेल तर ती वडी दिसायला साबणासारखी असली तरी वागायला वेगळी असते. ज्यांना हातात वडी धरल्याशिवाय तोंड धुतल्याचे समाधान होत नाही, अशा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हा उत्तम मार्ग आहे.

आता सल्फेटांकडे वळते, कारण अलीकडे सगळी भीती त्यांच्याभोवती गोळा झाली आहे. सोडियम लॉरिल सल्फेट आणि सोडियम लॉरेथ सल्फेट ही दोन नावे इतकी सारखी आहेत की दुकानात उभ्याने वाचताना हमखास गल्लत होते. पहिला रेणू लहान आणि आक्रमक आहे. त्वचारोगतज्ज्ञ दाहाच्या चाचण्यांत मुद्दाम दाह निर्माण करण्यासाठी तोच वापरतात. दुसऱ्यात इथिलीन ऑक्साइडची साखळी जोडलेली असल्यामुळे तो आकाराने मोठा आणि स्वभावाने बराच मवाळ आहे. निर्मलकाचे रेणू पाण्यात पुंजके करून राहतात, त्यांना मिसेल म्हणतात, आणि त्वचेत शिरून त्रास देतात ते मुख्यतः पुंजक्याबाहेर सुटे फिरणारे रेणू. कोकॅमिडोप्रोपिल बिटेनसारखे दुसरे निर्मलक सोबत मिसळले की पुंजके मोठे होतात आणि सुट्या रेणूंची संख्या घटते. म्हणून लॉरेथ सल्फेट आणि बिटेन ही जोडी असंख्य बाटल्यांत दिसते आणि सर्वसाधारण किंवा तेलकट त्वचेला ती चालून जाते.

एकट्या नावावरून निवाडा करू नये, हे दाखवणारे उदाहरण सेटाफिलचे आहे. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये तयार झालेले ते लोशन कित्येक दशके त्वचारोगतज्ज्ञ नाजूक त्वचेसाठी लिहून देत आले, आणि त्याच्या जुन्या सूत्रात सोडियम लॉरिल सल्फेट होते. प्रमाण अगदी थोडे आणि आजूबाजूला सेटिल व स्टिअरिल अल्कोहोल. ही अल्कोहोले मेणासारखी घट्ट असतात. स्पिरिटसारख्या, त्वचा वाळवणाऱ्या अल्कोहोलशी त्यांचे फक्त आडनाव जुळते. याच्या उलट, ‘सल्फेटमुक्त’ असे ठळक छापलेल्या बाटलीच्या मागे सोडियम सी १४-१६ ओलेफिन सल्फोनेट हे नाव दुसऱ्या क्रमांकावर असू शकते. ते नियमानुसार सल्फेट नाही हे खरे, पण तेल ओढून घेण्यात ते सल्फेटांच्या बरोबरीचे आहे. कोरड्या त्वचेच्या माणसाने सल्फेटमुक्त म्हणून ते आणले आणि चेहरा तरीही ओढायला लागला, तर त्यात नवल नाही.

माझ्या स्वतःच्या बाटलीत सोडियम कोकॉइल ग्लायसिनेट आणि डायसोडियम कोकॉइल ग्लुटामेट आहेत. ही अमिनो आम्लांपासून बनवलेली निर्मलके. माझी त्वचा मिश्र आहे, म्हणजे दुपारच्या तासापर्यंत कपाळ आणि नाक चकाकते आणि गाल मात्र कोरडेच राहतात. अशा चेहऱ्याला एकच द्रव्य सगळीकडे सारखे पुरत नाही, पण म्हणून दोन बाटल्या घ्याव्यात असेही मला वाटत नाही. मी फेस आधी नाकावर, कपाळावर आणि हनुवटीवर अर्धा मिनिट फिरवते आणि गालांवर शेवटी, जेमतेम दहा सेकंद. निर्मलक त्वचेवर किती वेळ राहते, ही गोष्ट त्याच्या नावाइतकीच महत्त्वाची आहे आणि ती पूर्णपणे आपल्या हातात असते. फेस कमी येतो ही या द्रव्यांविषयीची नेहमीची तक्रार आहे. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, तो फक्त हवेचे बुडबुडे धरून ठेवण्याचा गुण आहे, हे समजायला मलाही बरेच महिने लागले.

मुलाचे प्रकरण वेगळे. सतरा वर्षांचे वय, कपाळावर मुरूम, नाकावर काळे ठिपके आणि बारावीचे वर्ष. तेल बनवणाऱ्या ग्रंथी संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या, हुकमाखाली असतात. कोणताही फेसवॉश त्यांचे उत्पादन कमी करू शकत नाही, तो फक्त पृष्ठभागावर आलेले तेल उचलतो, आणि ते काही तासांत पुन्हा येते. हे त्याला समजावून सांगितल्यावर दिवसातून पाच वेळा तोंड धुणे त्याने सोडले. तेलकट आणि मुरमांच्या त्वचेसाठी ज्या घटकाला खरोखर अर्थ आहे तो म्हणजे सॅलिसिलिक अ‍ॅसिड. ते तेलात विरघळते, त्यामुळे तेलाने भरलेल्या छिद्रात शिरून आतल्या मृत पेशींचा बूच सैल करते. चेहऱ्याच्या द्रव्यांत ते ०.५ ते २ टक्के असते. पण इथेही सामूचा प्रश्न सुटत नाही. हे आम्ल त्वचेत शिरते ते विघटन न झालेल्या स्वरूपात. सामू ३ असताना त्याचा साधारण निम्मा भाग त्या स्वरूपात असतो, ४ ला जेमतेम दहावा हिस्सा, आणि ९ च्या साबणात लाखात एक रेणूही नाही. मुलाच्या त्या सायीसारख्या नळीवर पुढच्या बाजूला सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे नाव मोठ्या अक्षरात होते. ते नळीत असेलही, पण अशा अल्कधर्मी मिश्रणात ते सॅलिसिलेटचे क्षार होऊन बसते आणि पाण्याबरोबर निघून जाते. मला त्या दिवशी सर्वांत जास्त राग आला तो या गोष्टीचा. मुलांच्या खाऊच्या पैशांतून विकत घेतलेल्या वस्तूवर जे नाव छापायचे, ते काम करू शकेल अशा अवस्थेत आत असले पाहिजे, एवढी अपेक्षा मोठी नाही.

योग्य सामूच्या फेसवॉशमध्येही हे आम्ल मिनिटभरच चेहऱ्यावर राहते, म्हणून त्याच्याकडून धुवून न टाकण्याच्या क्रीमइतकी अपेक्षा ठेवू नये. बेंझॉइल पेरॉक्साइडचे तसे नाही. ते थोड्या वेळाच्या स्पर्शातही मुरमांच्या जिवाणूंवर परिणाम करते, आणि प्रतिजैविकांप्रमाणे जिवाणूंना त्याची सवय होत नाही. ते २.५ पासून १० टक्क्यांपर्यंत मिळते. कमी प्रमाणातले जवळजवळ तितकेच उपयोगी पडते आणि त्याने जळजळ मात्र कमी होते, म्हणून डॉक्टर बहुधा खालून सुरुवात करतात. आम्हीही डॉक्टरांना विचारूनच आणले. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नव्हती आणि ती आम्हाला टॉवेलाने सांगितली: गडद निळ्या टॉवेलावर आठवडाभरात फिकट नारिंगी डाग पडले, कारण पेरॉक्साइड रंग उडवते. आता त्या कामासाठी पांढरा पंचा आहे.

संवेदनशील त्वचेविषयी लिहिताना मी जास्त सावध असते, कारण तिथे ‘सौम्य’ या शब्दावर विसंबून चालत नाही. माझ्या एका सहकारी मैत्रिणीला बाळांच्या शांपूत सर्रास असणाऱ्या कोकॅमिडोप्रोपिल बिटेनमुळे पापण्यांवर खाज सुटत असे. अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ मध्ये याच घटकाला वर्षातले लक्षवेधी अ‍ॅलर्जीकारक म्हणून जाहीर केले होते. दोष बऱ्याचदा मूळ रेणूपेक्षा उत्पादनात मागे राहिलेल्या अशुद्धींचा असतो. २०१३ मध्ये मिथाइलआयसोथायझोलिनोन या परिरक्षकाचा (प्रिझर्व्हेटिव्हचा) क्रमांक लागला आणि २०१७ मध्ये साखर व मेदापासून बनणाऱ्या अल्किल ग्लुकोसाइडांचा, ज्यांना आपण सगळे ‘नैसर्गिक’ म्हणून डोळे मिटून घेतो. डेसिल ग्लुकोसाइड आणि कोको ग्लुकोसाइड बहुसंख्य लोकांना उत्तम मानवतात, हेही तितकेच खरे आहे. मात्र ज्याची त्वचा पटकन लाल होते, त्याने आधी सुगंध टाळावा. यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ असा एकच शब्द असला तरी त्यामागे डझनावारी रसायने असू शकतात, आणि लिंबू, पुदिना, निलगिरी यांची तेलेही त्याच खात्यात जातात. पुदिन्याचा थंडावा ही मज्जातंतूंना दिलेली चेतना आहे, त्वचेला मिळालेला आराम नव्हे. नवी बाटली आणल्यावर चार-पाच दिवस ती कोपराच्या आतल्या बाजूला लावून, नेहमीसारखी धुवून पाहावी आणि मगच चेहऱ्याकडे न्यावी.

सेरामाइड आणि क जीवनसत्त्व यांच्याविषयी थोडक्यात सांगते. मिनिटभरात धुतल्या जाणाऱ्या वस्तूत क जीवनसत्त्वासाठी जास्त पैसे देऊ नयेत. सेरामाइडही बहुतेक मोरीत जाते, पण ज्या द्रव्यात ते घातलेले असते त्याचा पाया अनेकदा सौम्य असतो, म्हणून त्याचा अनुभव चांगला येतो. ग्लिसरीन मात्र साधे, स्वस्त आणि कामाचे आहे. ते यादीत पाण्यानंतर लगेच आले तर मला समाधान वाटते.

बेसनाचा डबा मी फळीवरून काढला नाही. आमच्या आज्यांनी ज्या वस्तू वापरल्या त्यांतही निवड होती आणि ती विचारपूर्वक होती. दिवाळीच्या अभ्यंगात आधी तेल चोळायचे आणि मग उटणे, या क्रमात मेद मेदाला विरघळवतो आणि मग पीठ तो शोषून घेते, असे सरळ शास्त्र आहे. मुलतानी माती तेल जोरात शोषते म्हणून ती मुलाच्या कपाळाला चालते, सासूबाईंच्या गालाला नाही. हरभऱ्यात थोडे आणि रिठ्यात भरपूर सॅपोनिन असते. सॅपोनिन म्हणजे वनस्पतीने बनवलेले निर्मलकच. साय आणि बेसन एकत्र कालवले की सायीतला स्निग्धांश त्वचेवर थोडा मागे राहतो, त्यामुळे कोरड्या त्वचेला ते मानवते. फक्त मसुराचे जाडसर पीठ किंवा संत्र्याच्या सालीची भरड घेऊन गाल घासू नयेत. लिंबू तर थेट कधीच लावू नये: त्याचा सामू २ च्या आसपास असतो, आणि सालीतली काही द्रव्ये उन्हात त्वचा अक्षरशः भाजतात.

दुकानात यादी वाचताना मी एक खूण वापरते. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात; त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. फिनॉक्सिइथेनॉल नावाचे परिरक्षक जास्तीत जास्त एक टक्का घालता येते. तेव्हा यादीत ते नाव कुठे आहे ते आधी शोधायचे. त्याच्यानंतर जे काही लिहिले आहे, मग ते चंदन असो की कोरफड, ते एक टक्क्याहून कमी आहे, आणि नळीच्या पुढच्या बाजूला ज्याचे चित्र असते ते बऱ्याच वेळा तिथेच सापडते. त्याच्या आधीची पाच-सहा नावे म्हणजे ती वस्तू. पाणी सोडून पहिले निर्मलक कोणते, ते एकटे आहे की जोडीने, आणि त्याच्या आसपास ग्लिसरीन किंवा सेटिल अल्कोहोल आहे का, एवढे पाहायला मिनिटही लागत नाही. घरी आणल्यावरची परीक्षा त्याहून सोपी आहे: तोंड धुवून टिपल्यावर काहीही न लावता दहा मिनिटे थांबायचे. गाल ओढले तर ते द्रव्य त्या चेहऱ्याचे नाही, दुसऱ्या कोणाचे तरी असेल.

सासूबाईंसाठी सेटिल अल्कोहोल आणि ग्लिसरीन असलेले, फेस न येणारे लोशन आणले. पहिल्या दिवशी त्यांनी ते हातावर घेतले, चोळले आणि फेसाची वाट पाहत उभ्या राहिल्या. दिवसातून एकदाच, रात्री ते लावायचे, सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुवायचे आणि ओलसरपणा असतानाच क्रीम लावायचे, असे आमचे ठरले. तिसऱ्या आठवड्यात सालपटे गेली, नाकाच्या कडेची लाली थोडी राहिली. आता हात-पाय साबणाने आणि तोंड लोशनने, अशी वाटणी त्यांनी स्वतःच केली आहे. नातवाच्या नव्या बाटलीची पट्टी मात्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतली, स्वतः वाटीत बुडवली, खिडकीपाशी नेऊन रंग पाहिला आणि मगच बाटली त्याच्या हातात दिली.